फाइलवरची चिठ्ठी: सेलिनक्सची लेबलं आपल्या प्रोग्रॅममधून कशी वाचायची आणि कशी लावायची

मे महिन्यातली गोष्ट आहे. दुपारी दोन-अडीचची वेळ, जळगावात ४५ डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि तो नुसती गरम हवा फेकतोय, तेवढ्यात रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन. "भाऊ, पावती उघडू नाही राहिली, गाडी काट्यावर उभी आहे, ड्रायव्हर बोंबलू राहिला." पावतीचा प्रोग्रॅम माझाच. काट्यावरून वजन घ्यायचं, माल नवती आहे की पिलबाग की वापसी (केळीच्या मालाचे प्रकार) ते टाकायचं, भाव आणि फरक लावायचा, पीडीएफ बनवायची आणि वेब फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे शेतकरी, ट्रान्सपोर्टवाला सगळ्यांना मोबाइलवर दिसते. जुन्या मशीनवर चार वर्षं बिनबोभाट चाललं. आदल्याच आठवड्यात नवीन सर्व्हर बसवून त्यावर अल्मालिनक्स (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं होतं, आणि आता ब्राउझर म्हणतोय ४०३ फॉरबिडन.

रिमोटने बघितलं तर फाइल जागेवर, मालक बरोबर, परमिशन ६४४, फोल्डर ७५५. गंमत म्हणजे जुन्या मशीनवरून कॉपी करून आणलेल्या पावत्या उघडत होत्या, नव्या बनलेल्या उघडत नव्हत्या. ओळखीच्या एका ऍडमिनने फोनवर सांगितलं, सेटएनफोर्स शून्य मार, म्हणजे सेलिनक्सची अडवणूक बंद होईल. मारलं, पावती उघडली, गाडी गेली. पण संध्याकाळी बसून ते परत एक केलं आणि प्रोग्रॅम दुरुस्त केला, कारण ते शून्य एकदा राहिलं की रीबूट होईपर्यंत तसंच राहतं आणि ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर पडलेत तिथे मला ते चालणार नव्हतं. त्या संध्याकाळी जे शिकलो आणि नंतर वर्षभर वापरत आलो ते सगळं इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक सांगून ठेवतो, फंक्शनची नावं मी उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायची, जिथे अंडरस्कोर आहे तिथे मीही अंडरस्कोर दिलाय, जिथे नाही तिथे सलग. नावांमधला 'कॉन' म्हणजे कॉन्टेक्स्ट, म्हणजेच लेबल.

चिठ्ठी म्हणजे नक्की काय

आपण रोज चमॉड, चाउन करतो ती साधी परमिशन मालकाच्या मर्जीची असते, मालकाने ७७७ केलं की विषय संपला. सेलिनक्स त्याच्यावरचं दुसरं कुलूप आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये त्याचा कोड खुला केला आणि २००३ मधल्या २.६ कर्नलपासून ते मूळ लिनक्समध्येच आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येसुद्धा ५.० पासून ते पूर्ण चालू असतं. यात प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक चालू प्रोसेसला एक लेबल असतं, आणि या लेबलची प्रोसेस त्या लेबलच्या फाइलला हात लावू शकते का हे सिस्टमची पॉलिसी ठरवते, फाइलचा मालक नाही. रूटसुद्धा याच नियमात बसतो.

लेबलचे चार तुकडे असतात, मध्ये कोलन. माझ्या अडकलेल्या पावतीवर होतं अनकन्फाइंड_यू:ऑब्जेक्ट_आर:यूजर_होम_टी:एस०. पहिला तुकडा सेलिनक्सचा यूजर (लिनक्सचा यूजर नव्हे, तो वेगळा), दुसरा रोल, तिसरा टाइप, चौथा लेव्हल. रोजच्या कामात ९० टक्के भांडण तिसऱ्या तुकड्यावरून होतं, म्हणजे टाइप. वेब सर्व्हरची प्रोसेस एचटीटीपीडी_टी या टाइपखाली चालते, तिला एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी टाइपच्या फाइली वाचता येतात, यूजर_होम_टीच्या नाही. चौथ्या तुकड्यात लेव्हलच्या पुढे कॅटेगरी येऊ शकतात, सी० पासून सी१०२३ पर्यंत. कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन एकमेकांपासून वेगळी ठेवायला हाच तुकडा वापरतात, दोघांचा टाइप एकच पण कॅटेगरीची जोडी वेगळी.

आता माझी चूक कुठे होती ते बघा. प्रोग्रॅम पीडीएफ आधी होममधल्या एका फोल्डरमध्ये पूर्ण लिहायचा आणि मग रीनेम करून वेब फोल्डरमध्ये सरकवायचा, म्हणजे अर्धवट पावती कोणाला दिसू नये. पद्धत चांगलीच आहे. पण लेबल फाइलच्या आयनोडला (डिस्कवरच्या फाइलच्या मूळ नोंदीला) चिकटलेलं असतं, सिक्युरिटी.सेलिनक्स नावाच्या एक्स्टेंडेड ऍट्रिब्यूटमध्ये, आणि रीनेममध्ये आयनोड तोच राहतो. आपल्याकडे गाडीला 'वापसी'ची चिठ्ठी लागली की ती गाडी कोणाच्याही काट्यावर नेऊन उभी करा, चिठ्ठी वापसीचीच राहते, तसंच. होममध्ये जन्मलेली फाइल होमचं लेबल घेऊनच वेब फोल्डरमध्ये आली. आणि जुन्या पावत्या मी सीपीने आणल्या होत्या, सीपी नवीन फाइल बनवतो, नवीन फाइल ज्या फोल्डरमध्ये जन्मते त्याचा टाइप घेते, म्हणून त्या उघडत होत्या. एमव्ही (म्हणजे रीनेम) आणि सीपी (म्हणजे कॉपी) यांमधला हा एवढा फरक डोक्यात बसला की सेलिनक्सची निम्मी भीती जाते.

तयारी

घरी शिकायचं असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये फेडोरा, अल्मा किंवा रॉकी टाका. उबंटूवर बाय डिफॉल्ट ऍपआर्मर असतं, ते फाइलच्या पाथवर चालतं, फाइलला लेबल नसतंच, त्यामुळे तिथे हे प्रयोग होणार नाहीत. फेडोरा, अल्मावर लिबसेलिनक्स-डेव्हल नावाचं पॅकेज टाकायचं, डेबियनवर तेच लिबसेलिनक्स१-डेव्ह. सी प्रोग्रॅममध्ये सेलिनक्स फोल्डरमधली सेलिनक्स डॉट एच ही हेडर घ्यायची, पुढे लागतील तशा त्याच फोल्डरमधल्या लेबल डॉट एच, कॉन्टेक्स्ट डॉट एच आणि रिस्टोअरकॉन डॉट एच. कंपाइल करताना कमांडच्या शेवटी मायनस एल आणि त्याला चिकटून सेलिनक्स. शेवटीच द्या, आधी दिलं तर काही मशीनवर लिंकर अनडिफाइंड रेफरन्स देतो आणि माणूस उगाच अर्धा तास हेडर तपासत बसतो.

पहिली पायरी: सेलिनक्स चालू आहे का

प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच इज_सेलिनक्स_एनेबल्ड हे फंक्शन बोलवा. १ आलं तर चालू. लक्षात ठेवा, पर्मिसिव्ह मोडमध्ये असलं तरी १च येतं, कारण लेबलं तेव्हाही लागत असतात, फक्त अडवणूक होत नाही, नुसती नोंद होते. अडवणूक चालू आहे का ते बघायचं असेल तर सिक्युरिटी_गेटएनफोर्स, १ म्हणजे एनफोर्सिंग, ० म्हणजे पर्मिसिव्ह, -१ म्हणजे एरर. चालू नसेल तर लेबलचं सगळं काम गुपचूप सोडून द्यायचं आणि नेहमीसारखं चालायचं, नाहीतर सेलिनक्स नसलेल्या मशीनवर तुमचा प्रोग्रॅम विनाकारण पडेल.

दुसरी पायरी: फाइलचं लेबल वाचणं

फंक्शन आहे गेटफाइलकॉन. पहिला आर्ग्युमेंट पाथ, दुसरा एका कॅरेक्टर पॉइंटरचा पत्ता. पॉइंटर आधी नलवर ठेवा, फंक्शन स्वतःच मेमरी घेऊन त्यात लेबलची स्ट्रिंग भरून देतं. जुन्या कोडमध्ये या पॉइंटरसाठी सिक्युरिटी_कॉन्टेक्स्ट_टी असा टाइप दिसेल, तो आता डेप्रिकेटेड आहे, सरळ कॅर स्टार लिहायचं.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात, मी पण अडकलो. एक, हे फंक्शन जमलं की ० परत देत नाही, लेबलची साइज देतं, म्हणजे शून्यापेक्षा मोठा आकडा. बिघडलं तर -१. त्यामुळे "० आलं नाही म्हणजे एरर" अशी सवयीने घातलेली अट इथे उलटी पडते, लेबल बरोबर वाचलेलं असतं आणि आपला प्रोग्रॅम एरर दाखवून बंद होतो. अट नेहमी शून्यापेक्षा कमी आहे का अशीच घाला. दुसरं, मिळालेली स्ट्रिंग काम झाल्यावर फ्रीकॉनने सोडायची. एक-दोन फाइलींना फरक पडत नाही पण माझा प्रोग्रॅम सीझनमध्ये दिवसभर पावत्या तपासत बसायचा, तिथे ही गळती हळूहळू दिसते.

-१ आलं तर एररनो (एररचा कोड ज्यात पडतो ते) बघा. ईनोटसप आला तर ती फाइलसिस्टम लेबल ठेवतच नाही. ईनोडेटा म्हणजे फाइलवर लेबल नाही, हे बहुतेक सेलिनक्स बंद असताना बनलेल्या फाइलींचं दिसतं. सेलिनक्स पुन्हा चालू केल्यावर अशाच फाइली अनलेबल्ड_टी म्हणून दिसतात आणि तेव्हा पूर्ण डिस्क रीलेबल करावी लागते, रूट फोल्डरमध्ये डॉट ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल बनवायची आणि रीबूट करायचं. मोठी डिस्क असेल तर वेळ जातो, काट्यावर गाड्या उभ्या असताना करू नका.

गेटफाइलकॉनची दोन भावंडं आहेत. एलगेटफाइलकॉन सिमलिंकच्या मागे जात नाही, लिंकचं स्वतःचं लेबल देतं. एफगेटफाइलकॉन पाथऐवजी उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर घेतं, आणि माझा आग्रह आहे की फाइल उघडणं शक्य असेल तिथे हेच वापरा. पाथवरून लेबल वाचलं आणि मग पाथवरूनच फाइल उघडली तर मधल्या क्षणात कोणी त्या जागी दुसरी फाइल ठेवू शकतं, मग तुम्ही तपासली एक आणि उघडली दुसरी. डिस्क्रिप्टर धरला की फाइल बदलत नाही.

शिवाय या सगळ्यांचं शेवटी अंडरस्कोर रॉ असलेलं रूप असतं. साधं रूप कॅटेगरीला माणसाने ठेवलेलं नाव असेल तर ते दाखवतं, रॉ रूप कर्नलमध्ये आहे तेच. स्क्रीनवर दाखवायला साधं, साठवायला आणि तुलना करायला रॉ.

प्रोसेसचं लेबल

हे पटकन उरकतो. स्वतःचं लेबल गेटकॉनने मिळतं, दुसऱ्या प्रोसेसचं गेटपिडकॉनने. ही दोन्ही जमली की ० देतात, फाइलवाल्यासारखी साइज नाही, हा विसंवाद आहे आणि तो पाठच करावा लागतो. युनिक्स सॉकेटवर समोरून कोण बोलतंय ते बघायला गेटपीअरकॉन, साध्या टीसीपीवर मात्र लेबलवालं नेटवर्किंग लावलेलं नसेल तर ते एररच देईल. सर्व्हर प्रोग्रॅममध्ये गेटपिडकॉनवर विसंबून परवानगी देऊ नका, तोपर्यंत ती प्रोसेस मरून तोच पिड (प्रोसेसचा नंबर) दुसऱ्याला मिळालेला असू शकतो, गेटपीअरकॉन त्या मानाने भरवशाचं.

लेबलचे तुकडे पाडणं

लोक इथे कोलनवर स्ट्रिंग तोडतात. करू नका, कारण चौथ्या तुकड्यात कॅटेगरी आली की तिथेही कोलन येतो, एस०:सी१२,सी४०० असा, आणि तुमचे चाराचे पाच तुकडे होतात. त्यासाठी कॉन्टेक्स्ट_न्यू आहे. त्याला स्ट्रिंग द्या, मग कॉन्टेक्स्ट_टाइप_गेट, कॉन्टेक्स्ट_रेंज_गेट वगैरेने हवा तो तुकडा घ्या, कॉन्टेक्स्ट_टाइप_सेटने बदला आणि कॉन्टेक्स्ट_एसटीआरने पुन्हा पूर्ण स्ट्रिंग मिळवा. ही स्ट्रिंग मात्र त्या ऑब्जेक्टच्याच मालकीची असते, फ्रीकॉन करायची नाही, कॉन्टेक्स्ट_फ्री केलं की तीही जाते. पुढे लागणार असेल तर स्वतःची कॉपी करून ठेवा. जोडून तयार केलेलं लेबल पॉलिसीला मान्य आहे का ते सिक्युरिटी_चेक_कॉन्टेक्स्ट सांगतं, ० आलं तर मान्य.

तिसरी पायरी: कोणतं लेबल लावायचं ते पॉलिसीला विचारा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या संध्याकाळी मी काय केलं, तर एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी ही स्ट्रिंग सरळ कोडमध्ये ठोकून दिली. चाललं पण. दोन महिन्यांनी व्यापाऱ्याने पावत्या दुसऱ्या डिस्कवर नेल्या आणि तिथे दुसरी सर्व्हिसही त्या फाइलींत लिहायला लागली, म्हणजे टाइप वेगळा हवा होता, आणि माझा प्रोग्रॅम आपला जुनंच लेबल चिकटवत बसला. कोणत्या जागी कोणती चिठ्ठी हे ठरवायचं काम ऍडमिनचं आहे, प्रोग्रॅमने फक्त विचारायचं.

विचारायचं असं. सेलेबल_ओपन हे फंक्शन बोलवा, पहिला आर्ग्युमेंट सेलेबल_सीटीएक्स_फाइल (हा कॅपिटल अक्षरांत), मग नल, मग ०. ते एक हँडल देतं. मग सेलेबल_लुकअप, त्याला हँडल, लेबलच्या पॉइंटरचा पत्ता, पूर्ण पाथ आणि फाइलचा प्रकार, साध्या फाइलसाठी एस_आयएफरेग, फोल्डरसाठी एस_आयएफडीआयआर, हेही कॅपिटल. जमलं तर ० आणि पॉलिसीच्या मते त्या पाथला जे लेबल असायला हवं ते पॉइंटरमध्ये. -१ आणि एररनोमध्ये ईनोएंट आला तर त्या पाथला पॉलिसीत काही नेमलेलंच नाही, मग आपणही काही लावायचं नाही, फोल्डरचं येईल ते येऊ द्यायचं. सगळं झाल्यावर सेलेबल_क्लोज.

तीन गोष्टी सांभाळा. पाथ सुरुवातीच्या स्लॅशपासून पूर्ण द्या, डॉट डॉट किंवा सिमलिंक मध्ये असतील तर आधी रिअलपाथने सरळ करून घ्या. फाइल अजून नसेल तर रिअलपाथ फोल्डरवर चालवा आणि पुढे नाव जोडा. दुसरं, पाथ तात्पुरत्या नावाचा नाही, शेवटी फाइल जिथे जाणार आहे तिथला द्या, कारण चिठ्ठी मुक्कामाची हवी, वाटेतली नको. तिसरं, हँडल प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच उघडा. ते उघडताना हजारो पाथ-नियम वाचले जातात, प्रत्येक फाइलला उघडबंद केलं तर प्रोग्रॅम रेंगाळतो. पण सर्व्हिस महिनोन्महिने चालत असेल आणि ऍडमिनने नियम बदलले तर जुन्या हँडलला ते कळणार नाहीत, म्हणून रीलोडच्या सिग्नलवर हँडल बंद करून परत उघडायची सोय ठेवा.

जुन्या कोडमध्ये यासाठी मॅचपाथकॉन दिसेल. ते आता डेप्रिकेटेड, नवीन कोडमध्ये सेलेबलच.

चौथी पायरी: असलेल्या फाइलला लेबल लावणं

सेटफाइलकॉन, पाथ आणि लेबल. हे जमलं तर ० देतं. लिंकसाठी एलसेटफाइलकॉन, डिस्क्रिप्टरसाठी एफसेटफाइलकॉन, कारणं वाचतानाचीच.

हे नाकारलं जाण्याची कारणं बरीच आहेत, एकेक बघा. फाइल तुमच्या मालकीची नाही आणि तुम्ही रूटही नाही, तर ईपर्म. लेबल पॉलिसीला ओळखीचं नाही, बहुतेक टायपो असतो, तर ईइन्व्हॅल. तुमच्या प्रोसेसच्या टाइपला जुन्या लेबलवर रीलेबलफ्रॉम आणि नव्या लेबलवर रीलेबलटू या दोन्ही परवानग्या लागतात, म्हणजे जुनी चिठ्ठी काढायचाही हक्क हवा आणि नवी लावायचाही, एक जरी नसेल तर ईऍक्सेस. आणि फाइलसिस्टमच लेबल ठेवत नसेल तर ईनोटसप. ही शेवटची पेन ड्राइव्हवर भेटते. पेन ड्राइव्ह बहुतेक फॅटचा असतो, त्याच्यावरच्या सगळ्या फाइलींना मिळून एकच लेबल दिसतं, वाचता येतं पण बदलता येत नाही. तिथे माउंट करतानाच कॉन्टेक्स्ट ऑप्शनने पूर्ण ड्राइव्हला एक लेबल द्यावं लागतं.

एखादं फोल्डरांचं पूर्ण झाड दुरुस्त करायचं असेल तर स्वतः लूप लिहू नका, सेलिनक्स_रिस्टोअरकॉन हे फंक्शन पाथ आणि फ्लॅग घेऊन तिसरी आणि चौथी पायरी एकदम करतं. रिकर्सचा फ्लॅग दिला की आतलं सगळं, नोचेंजचा दिला की नुसतं तपासतं, काही बदलत नाही. ते बाय डिफॉल्ट फक्त टाइपचा तुकडा बदलतं, यूजर-रोलला हात लावत नाही. पूर्ण लेबल बदलायचं तर सेट_स्पेकफाइल_सीटीएक्सचा फ्लॅग लागतो, पण तो मला क्वचितच लागला.

पाचवी पायरी: फाइल जन्मतानाच लेबल

आधी फाइल बनवायची, मग लेबल बदलायचं, यात मध्ये थोडा वेळ चुकीच्या लेबलची फाइल पडून राहते. तेवढ्यात कोणी मागितली तर ४०३ किंवा त्याहून वाईट म्हणजे ज्याला दिसायला नको त्याला दिसते. उपाय आहे सेटएफएसक्रिएटकॉन. त्याला लेबल दिलं की त्यानंतर हा थ्रेड जी नवीन फाइल बनवेल तिला तेच लेबल लागतं. काम झालं की त्यालाच नल देऊन मूळ वागणुकीवर आणायचं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये पावती लिहिण्याचं फंक्शन आता असं चालतं. मुक्कामाचा पाथ तयार करतो. सेलिनक्स चालू असेल तर सेलेबल_लुकअपने त्या पाथचं लेबल घेतो. सेटएफएसक्रिएटकॉन लावतो. तात्पुरती फाइल वेब फोल्डरच्याच आत डॉटने सुरू होणाऱ्या नावाने एमकेएसटेम्पने बनवतो, होममध्ये नाही. फाइल बनली रे बनली की लगेच, एकही बाइट लिहायच्या आधी, सेटएफएसक्रिएटकॉनला नल देतो आणि लेबलची स्ट्रिंग फ्रीकॉनने सोडतो. मग पीडीएफ लिहितो, एफचमॉडने ६४४ करतो (एमकेएसटेम्प ६०० ने बनवतो, हे विसरलात तर पुन्हा ४०३ आणि यावेळी सेलिनक्सचा काही दोष नसेल), एफसिंक करतो आणि मग रीनेम.

तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवायचे दोन फायदे. एक म्हणजे सेटएफएसक्रिएटकॉन काही कारणाने नाकारलं गेलं तरी फोल्डरचा टाइप मिळतोच. दुसरा, होम आणि वेब फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असतील तर रीनेम चालतच नाही, ईएक्सडेव्ह येतो, तीही कटकट मिटली.

नल द्यायचं विसरणं हा इथला मोठा धोका. एमकेएसटेम्प फेल झालं आणि तुम्ही मधूनच रिटर्न केलं तर लेबल लटकत राहतं आणि पुढे तोच थ्रेड लॉग फाइल, लॉक फाइल जे बनवेल त्या सगळ्यांना पावतीचं लेबल लागतं. एकदा माझ्या लॉग फाइलला वेबचं लेबल लागलेलं सापडलं ते असंच. म्हणून फेल झालं तरी, पास झालं तरी, दोन्ही वाटांनी नल दिलं जाईल अशीच रचना करा, मी सगळ्या वाटा गोटूने एकाच जागी आणून तिथे साफसफाई करतो.

आणि हे सेटिंग थ्रेडपुरतं आहे, पूर्ण प्रोसेसचं नाही. थ्रेड पूल वापरत असाल तर लावणं, बनवणं आणि काढणं तिन्ही एकाच थ्रेडवर झालं पाहिजे. गो भाषेत लिहिणाऱ्यांनी आधी लॉक-ओएस-थ्रेड करावं, नाहीतर गोरुटीन मध्येच दुसऱ्या थ्रेडवर जातं आणि लेबल तिसऱ्याच फाइलला लागतं, असला बग शोधताना रात्र जाते.

आधीपासून असलेली फाइल उघडली तर सेटएफएसक्रिएटकॉनचा काही परिणाम नाही, ते फक्त नवीन फाइलला लागतं. म्हणून उघडताना ओ_क्रिएटच्या जोडीला ओ_एक्सक्ल द्या, म्हणजे फाइल खरंच नवीन आहे याची खात्री. एमकेएसटेम्प हे स्वतःच करतं.

ऍडमिनच्या बाजूचं काम

फोल्डर व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या आत असेल तर पॉलिसीत नियम आधीच आहे. पण तुम्ही रूट फोल्डरमध्ये थेट पावती नावाचं फोल्डर बनवलं तर त्याला डिफॉल्ट_टी लागतं आणि वेब सर्व्हर त्याला हात लावत नाही. अशा वेळी एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्या पाथचा नियम घालायचा आणि मग रिस्टोअरकॉन कमांड चालवायची. सीएचकॉनने थेट लेबल बदललं तर आजचं काम भागतं, पण पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसलं जातं, आणि सेलेबल_लुकअपला त्यातलं काहीच दिसत नाही कारण ते नियम बघतं, फाइल नाही. नियम घातला की तुमचा प्रोग्रॅम एक ओळ न बदलता बरोबर लेबल लावायला लागतो, तिसऱ्या पायरीचा खरा फायदा इथे.

अडलं तर बघायचं कुठे

व्हार-लॉग-ऑडिटमधल्या ऑडिट डॉट लॉगमध्ये. एयूसर्च कमांडला मेसेजचा प्रकार एव्हीसी आणि वेळ रिसेंट दिली की अलीकडचे नकार दिसतात. ओळ लांबलचक असते पण चारच गोष्टी वाचायच्या: महिरपी कंसात नाकारलेली परवानगी, एसकॉन्टेक्स्ट म्हणजे मागणाऱ्याचं लेबल, टीकॉन्टेक्स्ट म्हणजे ज्याला हात लावायचा होता त्याचं लेबल, आणि टीक्लास म्हणजे ती फाइल होती, फोल्डर होता की सॉकेट. माझ्या केसमध्ये एसकॉन्टेक्स्टमध्ये एचटीटीपीडी_टी आणि टीकॉन्टेक्स्टमध्ये यूजर_होम_टी, तीस सेकंदांत कळण्यासारखं होतं, कुठे बघायचं ते माहीत असतं तर.

ऑडिट२अलाऊ नावाचं टूल या ओळींवरून नवीन परवानगीचा नियम बनवून देतं. ते चालवायच्या आधी थांबून बघा की लेबल चुकलंय का परवानगी कमी आहे. माझ्या त्या दिवशीच्या ओळी त्याला दिल्या असत्या तर त्याने वेब सर्व्हरला सगळ्यांच्या होममधल्या फाइली वाचायची परवानगी देणारा नियम बनवून दिला असता. एका पावतीसाठी पूर्ण घर उघडं.

पायथॉनवाल्यांसाठी आणि बॅकअपसाठी

पायथॉनमध्ये पायथॉन३-लिबसेलिनक्स पॅकेज टाका आणि सेलिनक्स मॉड्यूल इम्पोर्ट करा, नावं तीच. गेटफाइलकॉन तिथे एक लिस्ट देतं, पहिला घटक आकडा, दुसरा लेबल, त्यामुळे दुसरा घ्यायचा. फ्रीकॉनची गरज नाही, सेटएफएसक्रिएटकॉनला नलऐवजी नन. काढायचं काम ट्राय-फायनलीच्या फायनलीमध्ये.

बॅकअप घेताना आरसिंकला कॅपिटल एक्सचा ऑप्शन आणि टारला सेलिनक्सचा ऑप्शन दिला नाही तर लेबलं मागे राहतात. रिस्टोअर झाल्यावर रिस्टोअरकॉन चालवलं तरी भागतं, फक्त ते चालवायचं लक्षात हवं.

फ्रीबीएसडीवर असाल तर

तिथे जानेवारी २००३ च्या ५.० पासून ट्रस्टेडबीएसडीचं मॅक फ्रेमवर्क आहे आणि फंक्शनं वेगळी. आधी मॅक_प्रिपेअर_फाइल_लेबलने रिकामं लेबल तयार करायचं, मग मॅक_गेट_फाइलने ते भरायचं, मॅक_टू_टेक्स्टने वाचण्यासारखं करायचं आणि मॅक_फ्रीने सोडायचं. लावायला मॅक_फ्रॉम_टेक्स्ट आणि मॅक_सेट_फाइल. इथे रिकामं लेबल आधी तयार करायला लागतं हे सेलिनक्सवरून गेलेला माणूस विसरतो. कोणत्या पॉलिसीची लेबलं बाय डिफॉल्ट बघायची ते ईटीसीमधल्या मॅक डॉट कॉन्फमध्ये असतं, आणि फाइलसिस्टमवर ट्यूनएफएसने मल्टीलेबल चालू केलेलं नसेल तर प्रत्येक फाइलला वेगळं लेबल ठेवताच येत नाही.

शेवटची तपासणी

प्रोग्रॅम एनफोर्सिंग चालू असलेल्या मशीनवरच तपासा, पर्मिसिव्हवर सगळंच पास होतं. एक पावती बनवा, एलएसला कॅपिटल झेड देऊन तिचं लेबल बघा, ब्राउझरमध्ये उघडा, एयूसर्चमध्ये नवीन ओळ आली नाही ना बघा. मग मुद्दाम डिस्क भरलेली असताना आणि फोल्डर रीड-ओन्ली असताना चालवा आणि त्यानंतर बनलेल्या लॉग फाइलचं लेबल बघा, नल द्यायचं कुठे राहिलं असेल तर ते इथेच सापडतं. रावेरच्या प्रोग्रॅममध्ये मी अजून एक केलंय, पावती रीनेम व्हायच्या आधी एफगेटफाइलकॉनने लेबल वाचून लुकअपने दिलेल्या लेबलच्या टाइपशी ताडून बघतो, जुळलं नाही तर लॉगमध्ये दोन्ही लेबलं लिहितो आणि मुनीमजींच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते, "पावती बनली पण वेबवर दिसणार नाही, कागदावर काढून द्या". गाडी काट्यावर उभी राहत नाही आणि मला फोन येतो तेव्हा कारण आधीच लॉगमध्ये लिहिलेलं असतं.